खिळ्यांची छपाई, लेखन आणि घर : नवख्यांनी मेळ कसा घालावा

जुनी ट्रेडल म्हणजे पायाने चालवायचे छपाईयंत्र किंवा टेबलावर मावणारे छोटे हातयंत्र मिळवून आपला मजकूर आपणच खिळ्यांनी, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांनी छापावा, अशी इच्छा असणारी माणसे मुंबईत आजही भेटतात. त्यांतील बहुतेकांना नोकरी असते, घरी मुले किंवा वडीलधारी माणसे असतात आणि लिहिण्याचा नेमही मोडायचा नसतो. त्यांचा पहिला प्रश्न यंत्राच्या किमतीचा असतो आणि तो रास्तच आहे. परंतु हौसेने घेतलेले यंत्र सहा महिन्यांत कापडाखाली झाकले जाते, ते पैशांअभावी क्वचितच. छपाई, लेखन आणि घर ही तिन्ही कामे एकमेकांच्या वेळेवर चालून येतात आणि त्यांत यंत्र सर्वांत आधी माघार घेते. हा लेख तेवढ्या अडचणीपुरता आहे. यंत्र चालवणे लेख वाचून येत नाही. त्यासाठी जाणत्या माणसाशेजारी उभे राहावे लागते. दिवस, आठवडा आणि वर्ष कसे लावून घ्यावे, हे मात्र आधीपासून सांगता येते.

ही अडचण तशी अलीकडची आहे. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हापासून पुढची शंभर वर्षे इथल्या छापखान्यांत कामाची वाटणी ठरलेली असे. खिळे जुळवणारा कंपोझिटर निराळा, यंत्रावरचा मशीनमन निराळा, मुद्रितशोधक निराळा आणि बांधणीवाला निराळा. लेखक त्या सर्वांपासून दूर आपल्या घरी बसलेला असे आणि त्याचे घर बहुधा दुसरेच कोणी चालवत असे. ऑफसेट आणि संगणकावरील जुळणी आल्यावर गिरगाव, काळबादेवी, ठाकूरद्वार या भागांतील खिळ्यांचे छापखाने एकेक करून मिटले, आणि आज जो कोणी हे काम हौसेने उचलतो, त्याच्या एकट्याच्या अंगावर ही सगळी माणसे येऊन पडतात. त्यामुळे छापखान्याची जुनी शिस्त जशीच्या तशी उचलून भागत नाही. ती एका माणसाच्या मापाने बेतून घ्यावी लागते.

कामे कुठे तोडता येतात, हे आधी ठरवावे

वेळेचे नियोजन म्हटले की माणूस तासांचा हिशेब मांडतो : लेखनाला एक तास, छपाईला दोन, घराला उरलेले. छपाईच्या बाबतीत हा हिशेब टिकत नाही, कारण तिच्यातील काही कामे कोणत्याही क्षणी खाली ठेवता येतात आणि काही कामे एकदा सुरू केली की संपवूनच उठावे लागते. म्हणून नवख्याने पहिल्याच आठवड्यात कागद घेऊन आपल्या कामांचे दोन गट लिहून काढावेत.

खिळे जुळवणे, गॅलीवर म्हणजे पसरट तबकावर घेतलेला मजकूर दोऱ्याने बांधणे, प्रूफ वाचणे, कागद मोजून ठेवणे, घड्या घालणे, शिवण करणे आणि छापून झालेले खिळे पुन्हा केसमधील, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीतील, आपापल्या घरात टाकणे ही सगळी तोडता येणारी कामे आहेत. जुळणीला एकच पथ्य आहे. ओळ अर्धी ठेवून उठू नये. ओळ पूर्ण भरून, शब्दांमधील स्पेस कमी-अधिक करून ती स्टिकमध्ये म्हणजे हातात धरायच्या जुळणीच्या पट्टीत नीट घट्ट बसवावी आणि मगच दाराची घंटा ऐकावी; अर्धी ओळ कलंडली तर मागच्या दोन ओळीही सोबत घेऊन जाते. दोऱ्याने व्यवस्थित बांधलेले पान मात्र गॅलीवर आठवडाभर पडून राहिले तरी बिघडत नाही. मधल्या काळात मुलाची परीक्षा झाली, पाहुणे येऊन गेले, तरी ते तिथेच थांबते.

शाईचा डबा उघडला की दुसरा गट सुरू होतो. यंत्रावर फर्मा म्हणजे चौकटीत आवळलेला मजकूर चढवणे, कागदामागचे पॅकिंग म्हणजे गादी कमी-जास्त करून दाब सगळीकडे सारखा आणणे म्हणजे मेकरेडी, मग छपाई, आणि शेवटी धुणे हे सगळे एका सलग बैठकीत व्हावे लागते. शाई लावलेली ट्रेडल सोडून जाणे हे गॅसवर दूध ठेवून खाली भाजी आणायला उतरण्यासारखे आहे. तेलाच्या शाईवर साय धरते, रोलरवर ती चिकटून बसते आणि बारीक खिळ्यांच्या पोटात गेलेली शाई वाळली की पुढच्या छपाईत अक्षरांची पोटे भरून येतात. नवख्याने रबरबेस शाईपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती डिस्कवर म्हणजे यंत्रावरच्या शाईच्या तबकडीवर बराच वेळ ओली राहते, त्यामुळे हात सावकाश चालला तरी सांभाळून घेते. मात्र ती कागदात मुरून वाळत असल्याने गुळगुळीत, चकचकीत कागदावर दिवसेंदिवस हाताला लागत राहते, म्हणून तिच्यासाठी शोषून घेणारा कागद निवडावा.

शंभर कार्डांचे एका रंगाचे साधे काम धरले, तरी फर्मा चढवून मेकरेडी करण्यात नवख्याचा तासभर सहज जातो, छपाईत दुसरा तास जातो आणि धुण्यात पाऊण तास. याचा अर्थ असा की तीन तास सलग मिळणार नसतील, तर त्या दिवशी शाईचा डबा उघडायचाच नाही. हा नियम कठोर वाटेल. तरीही घरातील निम्मी भांडणे तो टाळतो, कारण ‘एवढे पाच कागद झाले की येतो’ हे वाक्य मग उच्चारावेच लागत नाही.

धुण्याची वेळ नवखे नेहमी कमी धरतात, म्हणून ते काम जरा जवळून पाहू. शेवटचा कागद काढला की आधी इम्प्रेशन म्हणजे कागदावर पडणारा दाब बंद करावा, यंत्र पूर्ण थांबवावे आणि फर्मा उतरवून घ्यावा. चिंधीवर टर्पेंटाइन किंवा रॉकेल घेऊन प्रथम शाईची डिस्क पुसावी, नंतर एकेक रोलर फिरवत पुसावा, आणि रोलरच्या दोन्ही टोकांना साचलेली शाई बोटावर चिंधी गुंडाळून काढावी, कारण कडक गाठी तिथेच बनतात. मग फर्म्यावर मऊ ब्रश गोल फिरवावा आणि कोरड्या कापडाने दाबून टिपून घ्यावे. घासू नये, नाहीतर कापडाचे धागे खिळ्यांत अडकतात. रोलर डिस्कवर टेकलेले ठेवू नयेत, त्यांना चपटेपणा येतो. ते काढून उभे टांगावेत. वापरलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकणे धोक्याचे आहे, कारण जवसाच्या तेलाची शाई पुसलेल्या चिंध्या ढिगात आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात, नाहीतर एकेक सुटी पसरून वाळवावी. सर्वांत शेवटी हात धुवावेत : आधी थोडे खोबरेल चोळून शाई सैल करावी, मग साबण आणि नखांचा ब्रश. ज्या इमारतीत पाणी ठराविक वेळेलाच येते, तिथे एक बादली आधीच भरून ठेवावी.

घरात काय ठेवावे, काय ठेवू नये

खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असतात. नुसते हाताळल्याने शिशाची वाफ होत नाही. ते शरीरात जाते ते बोटांवरून तोंडात आणि धुळीतून. म्हणून धास्ती घेण्याचे कारण नाही. पथ्ये मात्र एकही दिवस न चुकता पाळली पाहिजेत. केसपाशी चहा, खाणे, तंबाखू काहीही नको. काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलाला उचलू नये, पोळीच्या डब्याला हात लावू नये. कामाचा एप्रन वेगळा असावा आणि तो घरच्या कपड्यांबरोबर धुण्यात जाऊ नये. धुणेभांडी करणाऱ्या बाईंनाही हे नीट समजावून सांगावे. केसमधील आणि जमिनीवरील धूळ झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. जुन्या खिळ्यांवर पांढरी भुकटी दिसली तर ते शिशाचे गंजणे असते. असे खिळे स्वस्तात मिळाले तरी घेऊ नयेत. लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया यांना शिशाचा धोका सर्वांत अधिक असल्याने ज्या घरात ती आहेत, तिथे केस स्वयंपाकघरात किंवा निजायच्या खोलीत ठेवणे मला पूर्णपणे अमान्य आहे. नियमितपणे काम करणाऱ्याने रक्तातील शिशाची तपासणी अधूनमधून करून घ्यावी.

वजनाचा हिशेबही आधी करावा. चार इंच रुंद आणि सहा इंच उंच मजकुराचे एक भरगच्च पान खिळ्यांत सुमारे साडेतीन किलो भरते. सोळा पानांची पुस्तिका जुळवून उभी ठेवायची म्हटली, तर फळीवर पन्नास किलोंहून अधिक भार येतो, आणि तेवढे खिळे तर बहुतेक नवख्यांकडे नसतातच. ट्रेडलचे वजन काहीशे किलो असते. तिची जागा तळमजल्यावर, पक्क्या जमिनीवर. वरच्या मजल्यावरच्या सदनिकेत ती चढवण्याचा विचार करू नये.

माझ्या मते मुंबईतील नवख्यासाठी सर्वांत सोयीची व्यवस्था अशी : घरी फक्त तोडता येणारी कामे, आणि शाईची कामे बाहेर. एखाद्या औद्योगिक वसाहतीतील गाळ्यात दोघातिघांनी मिळून भाड्याची जागा घ्यावी, किंवा अजून ट्रेडल चालवणाऱ्या एखाद्या छोट्या छापखान्याशी रविवारच्या काही तासांचे बोलणे करावे. घरी एक-दोन केस, एक गॅली, स्टिक आणि प्रूफ काढायचा छोटा रोलर एवढे एका दार लागणाऱ्या कपाटात मावते. ज्यांना घरीच छापायचे आहे त्यांनी आठ बाय पाच इंचांच्या अडानासारखे टेबलावरचे यंत्र पाहावे आणि ते भक्कम टेबलावर, खाली जाड रबर घालून बसवावे. निवासी सदनिकेत व्यवसाय म्हणून यंत्र चालवायचे असेल, तर सोसायटीचे आणि महापालिकेचे नियम आधी पाहून घ्यावेत. हौस म्हणून चालवतानाही दुपारची विश्रांतीची वेळ आणि रात्र टाळावी, एवढे शेजाऱ्यांचे देणे लागतोच.

ट्रेडलविषयी सुरक्षेचे दोन शब्द. यंत्र मिटत असताना तिरका बसलेला कागद सरळ करायला हात आत घालू नये. तो कागद वाया जाऊ द्यावा आणि इम्प्रेशनचा दांडा ओढून घ्यावा. मंगळसूत्र, ओढणी, सैल बाही, घड्याळ हे सगळे आधी बाजूला. घरातील कोणी हाक मारली तर पाय थांबवूनच मान वळवावी. दमलेल्या अंगाने, रात्रपाळीनंतर किंवा मूल आजारी असल्याच्या काळजीत ट्रेडलवर उभे राहू नये. अशा दिवशी हाताशी घड्या घालण्याचे काम असतेच.

दिवस आणि आठवडा

लेखन स्वच्छ हातांनी आणि दिवसाच्या आरंभी करावे, असे मी आग्रहाने सांगेन. त्यामागचे कारण सोपे आहे. जुळणी ही लेखनासारखीच शब्दांशी झटणारी पण फार सावकाश चालणारी क्रिया आहे. तासभर खिळे वेचल्यावर मन अक्षराअक्षराने चालू लागते आणि मग परिच्छेदाचा आवाका डोळ्यांपुढे राहत नाही. उलट, लेखनानंतर जुळणी केली तर तिचा विसावा वाटतो. पहाटे पाणी भरून, डबे आणि शाळेची गडबड सुरू होण्यापूर्वी जो अर्धा-पाऊण तास मिळतो, तो लेखनाचा धरावा. ज्यांच्या घरी सकाळ मोकळी मिळतच नाही, त्यांनी कामावरून परतल्यावर केस उघडण्याआधी तरी वही उघडावी. क्रम महत्त्वाचा आहे. वेळ प्रत्येकाची वेगळी असू शकते.

जुळणीचा आवाज होत नाही, म्हणून ती रात्री जेवणे आटोपल्यावर जमते. केसवर उजेड डावीकडून आणि भरपूर हवा, स्टँडची उंची कोपराला येईल एवढी हवी, नाहीतर मान धरते. आठ ओळींना सारी संध्याकाळ लागली तरी नवल मानू नये. देवनागरीच्या केसमध्ये अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, काना-मात्रा, रफार, उकार यांची मिळून शेकडो घरे असतात आणि ती बोटांना पाठ व्हायला महिने लागतात. जुळणी आणि प्रूफवाचन एकाच रात्री करू नये. ज्या डोळ्यांनी चूक घातली, त्याच डोळ्यांना ती त्याच रात्री दिसत नाही. सुकलेले प्रूफ पिशवीत ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर तिथे, नाहीतर दुपारच्या सुटीत वाचावे. बोरिवली किंवा डोंबिवलीहून येणाऱ्यांना हा प्रवासाचा वेळ म्हणजे आठवड्यातील सर्वांत भरवशाची बैठक ठरू शकते.

आठवड्यातून एकच दिवस शाईचा असावा, आणि तोही अर्धाच. रविवारी सकाळी आठ ते बारा ही वेळ बहुतेकांना सोयीची पडते. त्या आधीच्या रात्री फर्मा चेसमध्ये म्हणजे लोखंडी चौकटीत आवळून, ठोकळ्याने ठोकून सारखा करून आणि एका बाजूने किंचित उचलून खिळे गळत नाहीत ना हे पाहून ठेवावे. कागद मोजून, दहा-पंधरा जास्तीचे धरून, हाताशी लावून ठेवावेत. एवढी तयारी असली की रविवारची सकाळ यंत्राची आणि दुपार घराची राहते. महिन्यातील एक रविवार मात्र पूर्ण मोकळा ठेवावा आणि तो मोकळा आहे हे घरात आधी सांगावे.

हस्तलिखित पक्के करूनच केसपाशी जावे

लेखक स्वतःच कंपोझिटर झाला की एक मोह हमखास होतो. छोट्या केसमध्ये खिळे मोजके असतात. मराठीत काना सर्वाधिक लागतो आणि तोच आधी संपतो. शेवटच्या परिच्छेदात काना संपला की लेखक उभ्या उभ्या वाक्य बदलतो, ‘गेला होता’च्या जागी ‘गेले’ येते, कर्ता बदलतो, आणि वाक्य खिळ्यांच्या सोयीने लिहिले जाते. कधी त्यातून चांगले वाक्य निघतेही. पण सवय म्हणून ते घातक आहे, कारण मग लेखन कधी संपले आणि छपाई कधी सुरू झाली हे कळेनासे होते, आणि दोन्ही कामे घराच्या वेळेत पसरत जातात.

यावर उपाय म्हणजे मधे एक भिंत घालणे. गिरगावच्या खटाववाडीत मौज प्रकाशनाचे संपादक श्री. पु. भागवत लेखकाकडून मजकूर पुन्हा पुन्हा पारखून घेत आणि मगच तो छपाईकडे जाई, ही गोष्ट मराठी वाचकांना ठाऊक आहे. आपल्या घरात संपादकही आपणच असल्यामुळे ही शिस्त तारखेने पाळावी. मजकुराची स्वच्छ प्रत काढून ती किमान आठवडाभर बाजूला ठेवावी, एकदा मोठ्याने वाचावी, आणि दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्यावी. त्यानंतर तिच्यावर ‘छपाईसाठी’ असे लिहून तारीख घालावी. त्या तारखेनंतर केसपाशी फक्त अक्षरचुका दुरुस्त होतील. वाक्य बदलायचे वाटले तर पान पुन्हा टेबलावर न्यायचे, उभ्याने बदलायचे नाही.

मजकूर पक्का झाला की काने, अनुस्वार, वेलांट्या आणि ‘श्री’सारखी खास जोडाक्षरे किती लागतील हे पेन्सिलीने मोजून काढावे. केसमध्ये तेवढे नसतील, तर एकावेळी एकच पान जुळवून, छापून, खिळे परत टाकून पुढचे पान घ्यावे. सुरुवातीच्या वर्षात लेखनाची लांबीही या हिशेबाने निवडलेली बरी. चार ओळींची कविता, एका पानाचे स्फुट किंवा घरातील एखाद्या पदार्थाची कृती यांतून हात तयार होतो आणि एका रविवारी छापून हातात येते, हे समाधान लहान नाही. कादंबरी लिहीत असाल तर ती निर्धास्तपणे संगणकावर लिहा आणि ऑफसेटला द्या. खिळ्यांसाठी तिच्यातील एखादे पान पुरे.

जुने खिळे किंवा ब्लॉक म्हणजे चित्रांचे ठसे चोरबाजारात वा बंद पडलेल्या छापखान्यांतून मिळाले तर उंची तपासून घ्यावी. प्रचलित उंची ०.९१८ इंच आहे. लाकडी बुडाचे ब्लॉक दमट हवेने वाकलेले असतात आणि त्यांची उंची सारखी करण्यात एक अख्खा रविवार जातो.

वर्षाची आखणी : पाऊस लेखनाचा, थंडी छपाईची

मुंबईत राहणाऱ्याने आपले वर्ष पावसाभोवती लावले तर निम्मा ताण आपोआप उतरतो. जून ते सप्टेंबर या महिन्यांत कागद हवेतील ओल पिऊन फुगतो. सकाळी छापलेल्या पहिल्या रंगावर संध्याकाळी दुसरा रंग बसवायला गेले की तो सुताने सरकलेला दिसतो. शाई वाळायला वेळ लागतो, एकावर एक रचलेल्या कागदांच्या पाठीवर डाग उतरतात, आणि सरेस-ग्लिसरीनचे जुन्या पद्धतीचे रोलर तर ओलीने फुगून मऊ पडतात. यंत्राच्या उघड्या लोखंडावर दोन दिवसांत तांबूस गंज दिसू लागतो. या महिन्यांत मोठी छपाई हाती घेऊच नये.

हेच महिने दिवाळी अंकांसाठी लिहिण्याचे असतात. संपादकांची पत्रे येतात आणि श्रावण-भाद्रपदापर्यंत मजकूर पोचवायचा असतो. म्हणजे यंत्र विश्रांती मागते आणि लेखन वेळ मागते, ही जुळवाजुळव मुंबईच्या हवेनेच करून दिली आहे. तिचा लाभ घ्यावा. पावसाळ्याच्या तोंडावर यंत्राच्या उघड्या भागांना तेलाचा पातळ हात द्यावा, रोलर टांगून झाकावेत, कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून भिंतीपासून दूर उंचावर ठेवावा, आणि पंधरा दिवसांनी एकदा यंत्र हाताने नुसते फिरवून पाहावे. घरी जुळणी आणि खिळे लावणे चालू ठेवता येते.

गणेशोत्सवाच्या पावतीपुस्तकांची आणि कार्यक्रमपत्रिकांची विचारणा नेमकी या दमट दिवसांत येते. मंडळातील माणसे ओळखीची असतात, नाही म्हणणे जड जाते. पहिल्या वर्षी तरी नाही म्हणावे. पावतीपुस्तकाला क्रमांक घालावे लागतात, प्रती दुहेरी लागतात, तारीख एक दिवसही पुढे जात नाही, आणि घरातही त्याच वेळी सणाची धांदल असते.

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, हवा कोरडी होते, आणि खिळ्यांनी छापलेल्या पत्रिकांना मागणीही असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे छपाईचे खरे दिवस. या काळात लेखनाचा नेम अर्ध्या तासावरून पाव तासावर आला तरी चालेल. तो तुटू मात्र देऊ नये. त्या पाव तासात नवे लिहिण्याऐवजी पावसाळ्यात लिहिलेले तपासावे. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते, पाहुणे असतात, गावी जाणे असते. तेव्हा शाईचे रविवार सरळ रद्द करून टाकावेत.

घरची माणसे

यंत्र घरात येण्यापूर्वी घरच्यांशी बसून बोलावे आणि जागा, आवाज, वास व पैसे या चारही गोष्टी उघडपणे मांडाव्यात. रॉकेलचा वास सदनिकेत दिवसभर रेंगाळतो, हे आधी सांगितलेले असले की नंतर तक्रार झाली तरी तिला उत्तर असते. स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर शाईचे रविवार वेगळ्या रंगाने लिहावेत, म्हणजे घरचे आपली कामे त्याभोवती लावू शकतात आणि आपल्यालाही शेजारचा रविवार हळूच बळकावता येत नाही.

घरच्यांना कामात ओढण्याचा आग्रह नको, पण ज्यांना रस आहे त्यांना योग्य काम द्यावे. वाळलेल्या कागदांच्या घड्या घालणे, दाभणाने भोके पाडून शिवणे, प्रती मोजणे यांत शिशाचा संबंध येत नाही, त्यामुळे जरा मोठी मुले त्यात आनंदाने बसतात. घरात आई, आजोबा किंवा आत्या जुन्या वळणाचे वाचन केलेले असतील, तर प्रूफ त्यांच्याकडून जरूर वाचून घ्यावे. ऱ्हस्व-दीर्घाच्या ज्या चुका आपल्या नजरेतून सुटतात, त्या त्यांना अचूक दिसतात. मात्र त्यांनी दाखवलेली चूक त्याच दिवशी दुरुस्त करावी, नाहीतर पुढच्या वेळी ते प्रूफ वाचायला बसणार नाहीत.

घरातील आजारपण, परीक्षा, कोणाचे जाणे-येणे यांसाठी काम थांबले तर थांबू द्यावे. त्यासाठी एवढेच सांभाळावे की यंत्रावर फर्मा चढवलेला राहू नये आणि स्टिकमध्ये अर्धी ओळ राहू नये. एवढे असले की महिनाभराने परत येऊनही काम तिथूनच उचलता येते.

बाहेरची कामे घेताना

कार्डे पाहून लोक विचारू लागतात आणि हौसेचे रूपांतर धंद्यात होऊ लागते. पहिले वर्ष पुरे होईपर्यंत महिन्याला बाहेरचे एकच काम घ्यावे, असे मी सुचवेन. तारीख देताना आपल्या शाईच्या रविवारांचा हिशेब करावा : एक रविवार मेकरेडी आणि छपाईला, दुसरा राखीव, त्यात वाळण्याचे चार दिवस आणि घडी-बांधणीचे दोन. म्हणजे मजकूर पक्का झाल्यावर तीन आठवड्यांच्या आत काहीही कबूल करू नये. गिऱ्हाइकाकडून प्रूफवर सही आणि तारीख घ्यावी, कारण पत्रिकेतील नावाची चूक निघाली की सगळे काम पुन्हा, आणि तेही आपल्या घराच्या वेळेतून. दर ठरवताना जुळणी आणि धुणे यांचे तास धरायला विसरू नये. नवखे केवळ छपाईचे तास धरतात आणि मग लेखनाची सकाळ त्या तोट्यात जाते.

स्वतःचे पुस्तक किंवा पुस्तिका प्रकाशित केली, तर १९५४ च्या ग्रंथवितरणविषयक कायद्याप्रमाणे प्रकाशकाने तिच्या प्रती ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवायच्या असतात. त्यांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आहे आणि आपल्या मुंबईतील एशियाटिक सोसायटीच्या इमारतीतील मध्यवर्ती ग्रंथालयही आहे. प्रसिद्धीनंतर तीस दिवसांची मुदत असते. थोड्याच प्रती छापणाऱ्याने कागद मोजतानाच या प्रती धरून ठेवाव्यात, कारण खिळे परत टाकल्यावर दहा प्रती पुन्हा काढणे म्हणजे सगळी जुळणी नव्याने करणे.

म्हणूनच छापलेल्या प्रती मोजून, तपासून आणि पाठवायच्या प्रती बाजूला काढून झाल्याशिवाय फर्मा सोडू नये. तो सोडल्यावर मात्र खिळे त्याच आठवड्यात, रोज रात्री थोडे थोडे करून, केसमध्ये परत टाकावेत आणि केस भरल्यानंतरच पुढच्या कामाची तारीख द्यावी.